आधी पाय बघते

सकाळी सव्वाआठ

शटर वर गेलं की मी आधी पाय बघते. कोण आलं, कोण आलं नाही, कालचं काम कुठवर आलंय, हे सगळं मागाहून. पुण्याच्या नऱ्हे भागातल्या आमच्या शेडमध्ये झोपाळे, पलंग, चौरंग, देव्हारे आणि प्लायची कपाटं बनतात. पावसाळ्याचे दिवस आहेत. बसने, दुचाकीवर, चालत आलेल्या माणसांचे पाय चिखलाने भरलेले. कुणाच्या पायात रबरी स्लीपर, कुणाच्या सँडल, पोरांच्या पायात हलके, रंगीत, धावायचे बूट.

दाराशी एक मांडणी आहे. रस्त्यावरचं पादत्राण खालच्या फळीवर राहतं आणि ज्याच्या-त्याच्या कप्प्यातला कोरडा बूट पायात येतो. पुढे जमिनीवर पिवळा पट्टा आहे. त्याच्या आत कारखान्याच्या बुटांशिवाय कुणी यायचं नाही, मीसुद्धा नाही.

“पण ताई, पाय झाकलेला आहे की!” धावायचे बूट घातलेला नवा पोरगा पहिल्या आठवड्यात असं म्हणतोच. त्याला मी टेबलाशी नेते आणि बुटाच्या वरच्या जाळीवर पटाशीची धार टेकवून दाखवते. जोर लावावाच लागत नाही. पटाशीचं पातं मुठीपेक्षा जड असतं, त्यामुळे ती टेबलावरून घरंगळली की पुष्कळदा पात्याच्याच बाजूने खाली येते, आणि टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाची बोटं नेमकी त्या कडेखाली असतात. मग बूट उलटा करून मऊ फोमचा सोल दाखवते. अडीच इंची खिळा त्यातून सरळ वर येतो. धावण्यासाठी हा बूट उत्तम आहे, आमच्याकडे कुणी धावत नाही.

भोकांचे रबरी बूट पावसाळ्यात सोयीचे वाटतात. त्यांच्या भोकांतून ढलप्या आत जातात आणि टाच मोकळी राहते. कोल्हापुरी चपलेबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तिचा चामड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर आणि भुशावर पकड धरत नाही. ती लग्नाकार्याला घालावी, यंत्राशी नाही.

सकाळच्या तपासणीत आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे बूट उलटा करून आपटायचा, कालचा भुसा बाहेर पडतो. दुसरी म्हणजे सोल बघायचा. पिन गनच्या बारीक पिना आणि चुका सोलच्या खाचांत रुतून बसतात, त्या पकडीने उपटून काढायच्या. पिन रुतलेला बूट घेऊन माणूस खाली पसरलेल्या सनमायकावर उभा राहिला की अख्ख्या शीटवर चरा उठतो. सोलमध्ये पिना फार निघायला लागल्या तर समजायचं की आदल्या संध्याकाळी झाडू नीट फिरलेला नाही.

सकाळी पावणेनऊ

झाडलोट रोज संध्याकाळी होते, पण रात्रभरात हवेतली धूळ खाली बसते, म्हणून सकाळी पुन्हा. आमची जमीन सिमेंटची, घोटून गुळगुळीत केलेली. ट्रॉल्या सरकायला ती बरी, पायाला नाही. सागवानाचा भुसा जरा भरड असतो, एमडीएफचा मात्र मैद्यासारखा. तो सोलच्या खाचांत भरला की खाचा असून नसल्यासारख्या होतात. म्हणून सोल घेताना खाचा खोल आहेत का, आणि त्या कडेपर्यंत जाऊन उघड्या सुटतात का, हे मी बोट फिरवून बघते. मधेच बंद होणाऱ्या नक्षीदार खाचांत भुसा अडकून राहतो. दाराशी काथ्याचा ब्रश ठेवलाय. चहाला जाता-येता सोल त्याच्यावर घासायचा, एवढी सवय लागली की निम्मं काम झालं.

सकाळी साडेनऊ

प्लायची गाडी आली. आठ बाय चारची, अठरा मिलिमीटरची प्लायची एक शीट तीस किलोंच्या वर भरते. त्याच मापाचं एमडीएफ चाळीसच्या आसपास जातं. दोघं जण उचलतात, त्यातला एक उलटा चालतो. शीट उभी टेकवताना खालची कड जिथे उतरते, तिथे कुणाचा तरी पाय असतोच.

इथे बुटाच्या पुढच्या टोपीचं काम असतं. भारतीय मानक आयएस 15298 याच्या भाग 2 मध्ये बसणाऱ्या बुटाची टोपी 200 जूलचा आघात सोसते. साध्या भाषेत सांगायचं तर वीस किलोचं वजन साधारण एक मीटरवरून बोटांवर पडलं तर जेवढा दणका बसेल, तेवढा. वरून हळूहळू येणारा दाब 15 किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाच्या घरातला. भाग 3 चा बूट निम्म्या आघाताला, 100 जूलला, तपासलेला असतो. भाग 4 च्या बुटाला टोपीची सक्तीच नाही. तिन्हींवर आयएसआयचं चिन्ह असू शकतं, म्हणून नुसतं चिन्ह बघून भागत नाही, पुढचा भाग क्रमांक वाचायचा. दुकानदार “सेफ्टीच आहे मॅडम” म्हणतो तेव्हा मी जीभ बाहेर ओढून आतला शिक्का वाचते.

गाडीवरच्या हमालांना कारखाना नाही, मालक नाही आणि बूटही नाहीत. आमच्या शेडमध्ये माल उतरवायचा असेल तर दाराशी त्यांच्यासाठी वेगवेगळ्या मापांच्या जोड्या ठेवलेल्या आहेत. दुसऱ्याने घातलेला बूट घालायला ते नाराज असतात, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. धुतलेले मोजे सोबत दिले की बहुतेक जण घालतात. ज्याला नकोच आहे, त्याच्याकडून आम्ही शीट गाडीच्या फाळक्याशीच ताब्यात घेतो.

स्टीलच्या टोपीबद्दल एक समजूत फार पसरलेली आहे. जड वस्तू पडली तर टोपी दबते आणि तिच्या कडेने बोटंच कापली जातात, असं मिस्त्री लोक एकमेकांना सांगतात. ज्या वजनाने ती टोपी चेपेल, त्या वजनाखाली उघड्या बोटांचं काय होईल, याचा विचार या गोष्टीत नसतो. स्टील नको असेल तर फायबरची टोपीही मिळते. ती वजनाला हलकी असते आणि त्याच आघाताला तपासलेली असते.

सकाळी दहा ते साडेअकरा

आता यंत्रं सुरू. टेबल सॉवर फळ्या चिरायच्या आहेत, झोपाळ्याची बैठक आहे. कारखान्यातले हे दीड-दोन तास मला सर्वांत जास्त काळजीचे वाटतात. बोलणं बंद, फोन खिशात, आणि माझी नजर कापणाऱ्याच्या हातांवर असते तेवढीच पायांवर.

बूट पायासाठी असतो हे खरं, पण टेबल सॉपाशी तो बोटांसाठी असतो, हाताच्या बोटांसाठी. लाकूड पुढे ढकलताना माणूस एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून उभा असतो. जोर कंबरेतून येतो आणि मागच्या पायाच्या चवड्यावर टेकतो. तो चवडा भुशावरून सरकला की शरीर पुढे झुकतं, आणि शरीर झुकलं की हात आधार शोधतो. पुढे आधाराला पातंच असतं. हात कापल्याच्या ज्या हकिकती आम्ही या धंद्यात ऐकतो, त्यांत पातं, गार्ड, मोबाइल, घाई यांचा उल्लेख असतो. पायात काय होतं हे कुणी सांगत नाही आणि विचारतही नाही. मी विचारते. उत्तर फार वेळा “स्लीपर” असंच येतं.

उलटं उसळणारं लाकूड ही दुसरी भीती. फळी पात्याच्या मागच्या बाजूला चिमटली की पातं तिला कापणाऱ्याच्या अंगावर फेकतं. म्हणून उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नाही, जरा बाजूला. ही बाजूची जागा दिवसभर धरून ठेवायची तर पाय जमिनीवर सपाट टेकलेला हवा. जाड, मऊ, उंच टाचेचा सोल इथे वाईटच. त्यात घोटा डुलतो आणि दमलेला माणूस नकळत सोयीच्या, म्हणजे धोक्याच्या, जागी येतो. खाली कठीण आणि आत मऊ असा दोन थरांचा पीयू (पॉलियुरेथेन) सोल या कामाला चांगला. बाहेरचा थर लवकर झिजत नाही आणि आतला थर पायाला सांभाळतो.

लेसही बघायची. लोंबणारी लेस पेडलमध्ये अडकते किंवा दुसऱ्याच्या पायाखाली येते. पँट घोट्याखाली लोळत असेल तर ती वर दुमडायची नाही, कारण दुमडीत ढलप्या साठतात. ती शिवून आखूड करायची. आमच्या गल्लीतल्या शिंप्याला हे काम आता पाठ झालंय. कापताना पडलेले तुकडे पायाने बाजूला सारायचे नाहीत. यंत्र थांबवायचं, वाकायचं, उचलायचं. पायाने सारताना माणूस क्षणभर एका पायावर असतो, आणि पातं फिरत असताना एका पायावर उभं राहणं मला मान्य नाही.

सकाळी पावणेबारा

शेडच्या उत्तरेच्या खिडकीखाली थोरले मिस्त्री बसतात. मूळचे कुडाळकडचे. देव्हाऱ्याचं नक्षीकाम, कमानी, महिरपी हे त्यांचं काम. ते टेबलावर काम करत नाहीत. जमिनीवर फळी टाकतात, तिच्यावर मांडी मोडून बसतात, आणि लाकूड दोन्ही पायांच्या चवड्यांत धरतात. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये पट्टी अशी पकडतात की ती हलत नाही, आणि सैल सोडायची तेव्हा हात न लावता फिरते. माझ्याकडे लोखंडी शिकंजे आहेत, लाकडी आहेत, झटकन आवळणारे आहेत. त्यांच्या पायाइतकं समजूतदार यापैकी एकही नाही.

ते बसण्याआधी पादत्राण दूर काढून ठेवतात. हत्याराला पाय लागला तर हात लावून कपाळाशी नेतात. दसऱ्याला याच रंध्याला, पटाशीला, करवतीला झेंडूची फुलं वाहिलेली असतात. त्यांना मी “मिस्त्रीकाका, सेफ्टी बूट घाला” कसं सांगणार? सांगितलं तरी ते काम बुटात होणारच नाही, कारण तिथे पाय हेच हत्यार आहे.

यावर बराच विचार करून आम्ही जे ठरवलं, ते मला आजही बरोबर वाटतं. त्या खिडकीखालचा कोपरा वेगळा केला. तिथे लाकडी फळ्यांचा बुटका चौथरा आहे, सिमेंटपेक्षा चार बोटं उंच. चौथऱ्यावर यंत्राची वायर जात नाही, पिन गन जात नाही, कुणी बूट घालून चढत नाही. तिथला केर दिवसातून तीनदा काढला जातो. चौथऱ्यावर अनवाणी, खाली उतरलं की बूट, असा नियम. मिस्त्रीकाकांच्या बुटाला लेस नाही, दोन्ही बाजूंना इलास्टिक आहे, पाय घातला की झालं. लेस बांधत बसावं लागलं असतं तर दिवसातून पाच-सात वेळा उतरणाऱ्या माणसाने ती कधी बांधलीच नसती. एका बाबतीत मात्र मी तडजोड केली नाही. वाकसाने लाकूड तासायचं असेल तर ते पायात धरायचं नाही, ठोकळ्याला बांधायचं. वाकसाचा घाव आपल्याकडेच येतो. काका आधी रागावले, चार दिवस बोलले नाहीत, मग ठोकळा त्यांनीच हव्या त्या उंचीचा बनवून घेतला.

दुपारी एक

जेवण. सगळ्यांचे बूट बाहेर, मोजे दोरीवर. अर्धा-पाऊण तास पायाला हवा मिळालीच पाहिजे. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत पांढरं पडतं, खाज सुटते, कातडी सोलवटते. उपाय साधा आहे: पाय धुवायचे, बेचक्या कोरड्या पुसायच्या, आणि दुपारनंतर दुसरे मोजे घालायचे. मोजे सुतीमिश्रित आणि जाडसर घ्यावेत. शुद्ध नायलॉनच्या मोज्यात पाय शिजतो. भिजलेला बूट शेगडीपाशी वाळवला की चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवायचा आणि बोळे बदलायचे.

आमच्यातल्या दोघांना मधुमेह आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते. खिळा टोचला तरी कळत नाही, बूट चावला तरी कळत नाही, आणि जखम चिघळते. म्हणून ते दोघे जेवणानंतर तळवे आरशात बघतात. मांडणीपाशी लहान आरसा त्यासाठीच लावलाय. घरी बायको-मुलांनीही रोज रात्री बघावं, असं मी त्यांच्या घरी फोन करून सांगितलं आहे.

दुपारी दोन

दुपारचं काम जुन्या सागवानाचं. पेठांमधले वाडे पडले की तुळया, खांब, कडीपाट बाजारात येतात, आणि त्या लाकडाची सर नव्याला नाही. पण त्यात शंभर वर्षांचे खिळे असतात. काही दिसतात, काही डोकं तुटून आत राहिलेले. खिळे काढताना फळी उलटीपालटी होते आणि खिळ्यांची टोकं वर येतात. या कोपऱ्यात काम करणाऱ्यांच्या बुटाला टोपी पुरत नाही, सोलच्या आत खिळा अडवणारा पत्रा किंवा घट्ट विणलेला थर लागतो. परदेशी शिक्क्यांमध्ये यासाठी पी हे अक्षर असतं, एस 1 च्या पुढे पी. पत्रा कडक असतो, चवड्याशी वाकत नाही. विणलेला थर वाकतो आणि पायाचा तळ कडेपर्यंत झाकतो, पण अगदी बारीक, टोकदार खिळ्याला पत्राच अधिक भरवशाचा. आमच्याकडे खिळे काढणाऱ्यांना पत्रा आणि बाकीच्यांना विणलेला. इतकं करूनही खिळा घुसलाच तर पाय धुऊन, झाकून, थेट डॉक्टरकडे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, याची प्रत्येकाची तारीख माझ्या वहीत आहे.

शेजारी लेथवर चौरंगाचे पाय उतरत असतात. ओल्या लाकडाच्या लांब ढलप्या थेट घोट्यावर पडतात आणि बुटात शिरतात. घोट्याच्या वर येणारा आणि जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेला बूट असला की हा त्रास संपतो. पॉलिशच्या खोलीत वेगळा प्रश्न आहे. थिनर सांडलं की चिकटवलेला सोल सुटतो. तिथे साचात ओतून वरच्या भागाशी एकजीव केलेला सोलच टिकतो. टाचेला लोखंडी नाल ठोकलेला बूट त्या खोलीत नेऊ देत नाही. फरशीवर ठिणगी उडाली तर थिनरच्या वाफेला तेवढी पुरते.

दुपारी चार

वडगावच्या एका सोसायटीत कपाट आणि देव्हारा बसवायचा होता. दोन ते चार आवाज बंद, म्हणून चारला पोहोचलो. दार उघडलं आणि काकू म्हणाल्या, “चपला-बूट बाहेर काढा हं, आत देवघर आहे.”

महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात हे वाक्य ऐकू येतं आणि ते रास्तच आहे. पण त्यानंतर काय होतं ते मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. गुळगुळीत टाइलवर अनवाणी माणूस कटर चालवतो. सनमायकाच्या कापलेल्या पट्ट्यांच्या कडा पात्यासारख्या असतात, त्यांवर त्याची पावलं पडतात. शिडीच्या पायऱ्यांवर उघडे तळवे ठेवून तो ड्रिल धरतो. मोजे घालून चढला तर आणखीच वाईट, मोजा टाइलवर घसरतो. पायात काही नाही म्हणून त्याचं लक्ष कामावर कमी आणि जमिनीवर जास्त.

आम्ही कापडी पिशवीत प्रत्येकाची दुसरी जोडी नेतो. हे बूट रस्त्यावर किंवा कारखान्यात कधीच वापरले जात नाहीत, उंबरा ओलांडल्यावरच पायात येतात. सोल फिकट रंगाचा, कारण काळ्या रबराचे डाग टाइलवर उमटतात. मी काकूंना जोडी उलटी करून दाखवली, आणि जमिनीवर आधी ताडपत्री अंथरली. त्यांनी सोलवर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, मग घाला की.”

देव्हारा बसवायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीकाकांनी ड्रिल बंद करून बाहेर ठेवायला सांगितलं, केर काढून घेतला, जमीन ओल्या फडक्याने पुसली, आणि मग बूट काढून अनवाणी आत गेले. त्यांना हे कुणी सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी सात

रविवार पेठेत, बोहरी आळीत, नव्या पोराला बूट घ्यायला. स्वारगेटपासून पुढे गर्दीने जीव नको होतो, तरी मी बूट घ्यायला मुद्दाम संध्याकाळीच येते. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात. सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी चावतो, आणि चावणारा बूट माणूस काढून ठेवतो. मला या सगळ्या विषयात एवढंच ठामपणे कळलेलं आहे. आरामदायी बूट आणि सुरक्षित बूट या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. दुपारी तीन वाजता काढावासा वाटणारा बूट कितीही जूल सोसणारा असला तरी तो मांडणीवर असेल आणि पटाशी उघड्या पायावर पडेल.

म्हणून माप सांगून मागवलेले बूट मी घेत नाही. माणूस दुकानात आणते, कामाचेच मोजे घालून. दोन्ही पाय मोजायचे, मोठ्या पायाचं माप धरायचं. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. चामडं वापरून सैल होतं, टोपी कधीही होत नाही. करंगळी टोपीला लागत असेल तर कुरूप ठरलेलं. आपल्या लोकांचा पाय पुढे रुंद असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात लाखाहून अधिक पायांची मापं घेतली, त्यातूनही भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा रुंद असल्याचंच पुढे आलं. बाजारातली मापं मात्र अजून ब्रिटिश पद्धतीची. मग दुकानदार एक नंबर मोठा देतो, रुंदी मिळते आणि टाच आत सरकत राहते. रुंद साच्याचा बूट मागावा, नंबर वाढवू नये.

यानंतरची परीक्षा दुकानात कुणी घेत नाही. मी पोराला उकिडवं बसायला लावते. आपला सुतार दिवसातून कितीदा तरी उकिडवा बसतो, खालचा कप्पा बसवायला, बिजागरी लावायला, पट्टी ठोकायला. बसलं की चवडा वाकतो आणि टोपीची मागची कड बोटांच्या वरच्या बाजूला रुतते. उभं राहून पाहिलेल्या बुटात हे कळत नाही. आज तीन जोड्या अशाच बाद झाल्या. दुकानातली गिऱ्हाइकं बघत होती, पोरगा लाजला, पण चौथ्या जोडीत तो बसला आणि बसूनच राहिला, आपणहून पुढे-मागे सरकून पाहू लागला. तीच घेतली.

पैसे देण्याआधी आतली तारीख वाचली. पीयूचा सोल हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. खोक्यात न वापरता पडून राहिलेला बूटसुद्धा काही वर्षांनी पायाखाली भुगा होऊन सुटतो. स्वस्तात मिळणारा जुना साठा म्हणूनच नको, कोकणात तर मुळीच नको.

पॉलिशच्या खोलीतल्या दोघी मुलींसाठी मात्र आज काही मिळालं नाही. चार नंबर बहुतेक दुकानांत नसतोच, आणि पुरुषांचाच साचा लहान करून बनवलेला बूट बायकांच्या टाचेला सैल पडतो. “दोन मोजे घाला” हा दुकानदाराचा सल्ला मला मान्य नाही. मागणी नोंदवून आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारेन, मिळेपर्यंत विचारेन.

दोन जोड्या घेतल्या, एक कारखान्याची, एक लोकांच्या घरांत घालायची. आयएसआय शिक्क्याचा चांगला जोड हजार-दीड हजारांत येतो. तो मालकाने द्यायचा असतो आणि पगारातून कापायचा नसतो.

आणि वाचकहो, तुमच्या घरी कपाट, किचन ट्रॉली किंवा देव्हारा बसवायला सुतार येईल तेव्हा त्याला बूट बाहेर काढायला लावू नका. जमिनीवर जुनी चादर किंवा पुठ्ठा अंथरा, हवं तर सोल पुसून घ्यायला ओलं फडकं द्या, आणि तो नुसत्या पायांनी आत आला तर काम सुरू होण्याआधी पायात काहीतरी घालायला सांगा.